केळीचा भाव, कानाला फोन आणि डोक्यातली भीती

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात केळीचा भाव, मजूर, ट्रक असे सगळे फोनवरच ठरते, त्यामुळे कापणीच्या हंगामात माझे चुलते नाना दिवसभर फोन कानाला लावून असतात. ‘याने डोक्यात गाठ होते का?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या रेडिओलहरींना ‘२ बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, हे खरे आहे. मात्र हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नव्हे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. १३ देशांतल्या इंटरफोन अभ्यासात सर्वाधिक बोलणाऱ्यांमध्ये ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे प्रमाण थोडे जास्त दिसले, पण रुग्णांच्या आठवणींवर बेतलेल्या माहितीत चूक राहू शकते म्हणून संशोधकांनीच फोनला दोषी ठरवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

तरी एक काळजी मी घ्यायला सांगतेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत रेंजची जेमतेम एक काडी असते, आणि रेंज कमी असली की फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. अशा जागी स्पीकर किंवा इअरफोन वापरला, की डोक्यापर्यंत पोचणारी ऊर्जा पुष्कळच घटते.

मला खरी चिंता नानांच्या झोपेची वाटते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की ते मोटार सुरू करायला उठतात आणि परत येऊन अंधारात मान खाली घालून व्हिडिओ पाहत बसतात. पडद्याच्या निळसर उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन कमी स्रवते, आणि अपुरी झोप वर्षानुवर्षे चालली की रक्तदाब व मधुमेहाचा धोका वाढतो. साधारण पाच किलोचे डोके साठ अंशांत झुकले, तर मानेवर सुमारे २७ किलोंचा भार येतो, असे २०१४ मधील एक गणित सांगते. बोलता बोलता नाना मानेचा मागचा भाग अंगठ्याने दाबत राहतात, त्याचे कारण मला त्यातच दिसते.

म्हणून गाठीची तपासणी करण्याआधी त्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि रात्री फोन उशाशी न ठेवता ओसरीवर चार्जिंगला लावावा, असा माझा आग्रह आहे. वीज आल्याचे कळवणारा मोटारीच्या स्टार्टरचा कॉल तिथूनही ऐकू येतो.