बर्फातला फड्या निवडुंग बघायला पॉइंट पीलीला

आधी कबुली देऊन टाकते. गेल्या मार्चमध्ये मी एक जिवंत निवडुंग कचऱ्यात टाकला. कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागाला आमच्या मागच्या अंगणात हौसेनं लावलेला, नर्सरीतनं आणला तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेलं की थंडी सोसतो. बर्फ वितळल्यावर बघते तर पानं सुरकुतलेली, जांभळट, जमिनीवर आडवी पडलेली (ती खरं तर पानं नसतात, चपटं खोडच असतं, पण आपण सगळे पानंच म्हणतो). म्हणलं गेला. उपटला नि दिला टाकून.

नंतर परत दोन लावले आणि या वर्षी मार्चअखेर त्यांचीही तीच अवस्था. तेवढ्यात कळलं की आमच्याच ओंटॅरिओ प्रांतात हा रानात आपणहून उगवतो, एरी सरोवराच्या काठी, पॉइंट पीली नॅशनल पार्कमध्ये. नवऱ्याला म्हणलं उपटायच्या आधी एकदा जाऊन बघू. तो म्हणाला, "निवडुंग बघायला चार तास गाडी?" पण आला बिचारा.

एप्रिलचा दुसरा शनिवार. ४०१ हायवे विंडसरच्या दिशेनं धरला की बघण्यासारखं फार काही नाही, चॅटमच्या आसपास सपाट शेतं आणि पवनचक्क्या, एवढंच. धपाटे आणि थर्मासमधला चहा यांच्यावर वेळ काढला. लेमिंग्टनजवळ मात्र काचघरंच काचघरं. आत टोमॅटो, काकड्या, मिरच्या ऊब खात बसलेल्या, आणि तिथून थोड्याच अंतरावर निवडुंग बाहेर वाऱ्यात. मला जाम हसू आलं.

पॉइंट पीली म्हणजे सरोवरात घुसलेली वाळूची चोच, कॅनडाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, अक्षांश साधारण ४२, म्हणजे जवळपास रोमच्या रेषेत. १९१८ पासून नॅशनल पार्क आहे. लोक इथं मे महिन्यात पक्षी बघायला आणि सप्टेंबरात मोनार्क फुलपाखरं बघायला येतात, निवडुंगासाठी आलेले आम्हीच असू. वारा असला बोचरा की टोपी धरूनच चालायचं.

पश्चिमेच्या बाजूला, मोकळ्या वाळूत, वाळक्या गवताच्या आत ते दिसले. आणि मी तिथंच उकिडवी बसले. अगदी माझ्या अंगणातल्यासारखेच! चपटे पडलेले, तेलात न तळलेल्या पापडासारखे, कडेला जांभळे, सुरकुत्याच सुरकुत्या. म्हणजे हे मेलेले नाहीत, हे असेच झोपतात.

दिवस लहान व्हायला लागले की हा आपलं पाणी काढून टाकतो. उरलेला रस साखर आणि भेंडीसारख्या बुळबुळीत चिकानं दाट होतो, मग तो सहजी गोठत नाही आणि पेशी फुटत नाहीत. याचा एक छोटा भाऊबंद तर कॅनडाच्या पश्चिमेकडं पीस नदीच्या खोऱ्यात, ५६ अंश उत्तरेला, रानात जगतो. थंडीचं याला फार कौतुक नाही. याला मारते ती ओल, आणि सावली. पार्कमध्ये झाडं-झुडपं दाटली की निवडुंग संपत जातो म्हणून तिथं झुडपं काढतात, मुद्दाम आखून आग लावतात. कॅनडात हा धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे, त्यामुळं एक पानसुद्धा उचलायचं नाही. (नवऱ्याची नजर मला कळते, त्याला आधीच दम दिला.)

येताना गाडीत माझं एकच चाललेलं, आपल्या अंगणात चिकणमाती आहे, चिकणमाती. बर्फ वितळलं की तिथं आठवडाभर चिखल असतो आणि मी बाई वर अजून कंपोस्ट घातलेलं. आल्यावर दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या भिंतीला लागून फूटभर उंच वाफा केला, निम्मी जाड वाळू नि खडी, बाकी थोडी माती. दोन्ही रोपं हलवली. आता ऑगस्टनंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं ठरवलंय.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. आमचं गाव माणदेशातलं, तिथं फड्या निवडुंग बांधावर असाच पडलेला. "अगं, फेकला तरी येतो तो, त्याला काय वाफे करतेस? आणि दारात काटेरी लावू नये." म्हणलं आई, दारात नाही, मागं आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पानं उठायला लागली. आधी एकीची कड वर, मग फुगत फुगत हिरवीगार. जूनअखेर एक पिवळं फूल आलं, मेणाचं केल्यासारखं, सकाळी उघडलं आणि संध्याकाळी संपलं, नवरा ऑफिसातनं येईपर्यंत मिटलेलंच. त्याला जवळून दाखवायला गेले तर बोटात ते बारीक केसांसारखे काटे भरले, दिसतही नाहीत मेले. चिकटपट्टी लावून लावून काढतेय, दोन दिवस झाले, अजून एक कुठंतरी टोचतोय.