आडव्या बाटलीचं गणित

संस्थेत काम करते म्हटलं की पाहुणेरावळे दोनच गोष्टी विचारतात: पगार मिळतो का, आणि मोर्चे काढता का. पगार मिळतो, प्रकल्प चालू असेपर्यंत. मोर्चे फारसे नाही काढले. माझी बरीचशी नोकरी मतदारयाद्या, दाखले आणि तहसीलच्या आवक-जावक टेबलापुढे गेली. आमच्या भागात मला लोक ओळखतात ते दारूचं दुकान मतदानाने बंद केलं म्हणून. तेसुद्धा शेवटी यादीचंच काम निघालं. कुणाला आपल्या गावात हे करायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातली. बारावीनंतर लग्न झालं. मग माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांवर सहयोगिनी म्हणून लागले. गटांच्या वह्या तपासायच्या, खातं उघडायला बायकांबरोबर बँकेत जायचं, मॅनेजरसाहेब जेवून येईपर्यंत पायरीवर बसायचं. चिकाटी तिथेच आली. पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि एका संस्थेत समन्वयक झाले. २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि मोठ्या संस्थेने आपला परदेशी निधी लहान संस्थेला द्यायचा नाही, असं ठरलं. आमचा प्रकल्प तशाच पैशावर चालायचा, तो बंद पडला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता घर तरी दिसंल तुला." काही महिने घर पाहिलं, मग ऊसतोड महिलांसोबत काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेत कमी मानधनावर रुजू झाले.

या कामात एका गावी आरोग्याची बैठक घेत होते. रक्तातलं लोह, गोळ्या, पाळीची रजा असं बोलणं चाललं होतं. एक आजी मधेच म्हणाल्या, "ताई, गोळ्या ठिवा तुमच्यापाशी. ते दुकान तेवढं उठवा. मुकादमाची उचल घरी यायच्या आधी तिथं जाती." उचल म्हणजे टोळीचा मुकादम हंगामाआधी देतो ते आगाऊ पैसे. दुकान म्हणजे सरकारमान्य देशी दारूचं, परवाना असलेलं. म्हणजे पोलिसांना फोन करून भागणार नव्हतं.

राज्याच्या २००८ च्या आदेशाने अशा दुकानासाठी रस्ता ठेवलेला आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के बायकांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात. सह्या खऱ्या निघाल्या की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की परवाना बंद. ऐकायला सोपं आहे.

मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळून चालत नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी मतदानाला आली नाही, ती आपोआप उभ्या बाटलीकडे. समजा यादीत ८०० बायका आहेत, तर ४०१ मतं हवीत. त्यातल्या २०० ऊसतोडीला गेल्या, आणि ६० लेकी लग्न होऊन सासरी गेलेल्या किंवा वारलेल्या. उरल्या ५४०. त्यांच्यातून ४०१ म्हणजे हजर असलेल्या चौघींपैकी तिघींनी येऊन आडवीवरच शिक्का मारायचा. या मापाने मोजलं असतं तर आपले किती आमदार विधानसभेत पोचले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून आम्ही सह्यांच्या आधी यादी घेतली. गटातल्या दोन शिकलेल्या सुना, अंगणवाडीच्या ताई आणि मी. अंगणवाडीच्या ताईंना कुठल्या घरात कोण आहे ते तोंडपाठ असतं. प्रत्येक नावापुढे खूण केली: हजर, ऊसतोडीला, सासरी, मयत. मयत किंवा कायमची गेलेली व्यक्ती यादीतून काढायला नमुना ७ असतो, आणि लग्न झालेल्या लेकीने नाव सासरी न्यायला नमुना ८. लेकींचं काम फोनवरून झालं. माहेरचं दुकान बंद होतंय म्हटल्यावर त्या हौसेने नावं हलवायला तयार झाल्या. काहींच्या सासरी आधीच दुसरं नाव लागलेलं होतं, त्यांची माहेरची नावं काढली.

मयतांचं अवघड गेलं. एका घरात मुलगा म्हणाला, "आईचं नाव राहू द्या की ताई, कुणाचं काय अडतंय?" अडत होतं, पण दारातून हे कसं सांगणार? मी बसले, चहा घेतला, त्यांच्या आईबद्दल ऐकलं. दारूपायी त्या माउलीने काय काय सोसलं ते त्यानेच सांगितलं आणि मृत्यूचा दाखला आणून दिला. काही घरांनी मात्र शेवटपर्यंत दिला नाही, तो त्यांचा हक्क. नमुने भरले म्हणजे नावं गेली असंही होत नाही. बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे कर्मचारी, घरी येऊन खात्री करतात आणि त्यांच्यामागे शाळेसकट दहा कामं असतात. माझ्या फोनला ते कंटाळले असणार.

दुसरं काम तारखेचं. आमच्याकडे दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्या गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या मागंपुढं परततात. मृग लागला की पेरणीची गडबड. मधल्या दोन-अडीच महिन्यांत पडताळणी आणि मतदान दोन्ही बसवायचं, त्यातच लग्नसराई. म्हणून निवेदन केव्हा द्यायचं हे आम्ही उलटं मोजत आलो. सह्या २५ टक्क्यांच्या बऱ्याच वर घेतल्या, कारण पडताळणीत गळती होणारच.

पडताळणी शाळेत झाली. प्रत्येकीने ओळखपत्र घेऊन साहेबांपुढे यायचं आणि सही किंवा अंगठा आपलाच आहे असं सांगायचं. दुकानाकडची माणसं फाटकाबाहेर नुसती उभी होती. नुसतं उभं राहणंही पुरतं. काही बायका कोपऱ्यावरून परत गेल्या. त्यांना बोल लावायचा नाही असं गटात आधीच ठरलेलं होतं. ज्या बाईचा नवरा दुकानात उधारीवर पितो, तिला त्या रात्री घरीच जायचं असतं. त्यांना एवढंच सांगून ठेवलं, की सही सगळ्यांना दिसते, मत दिसत नाही.

मग फाईल अडकली. कुठे ते लिहीत नाही. एका टेबलावर विचारलं की दुसरं टेबल दाखवत. अशा वेळी आवाज चढवणाऱ्यांतली मी नाही. पोच घेतलेला कागद आणि माहिती अधिकाराचा अर्ज, यांच्यावर माझा जास्त भरवसा. आजी आणि त्यांच्या चार मैत्रिणी मात्र एकदा भाकरी बांधून कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. साहेब दोनदा बाहेर आले. अर्जाने काम झालं की भाकरीने, मला सांगता येणार नाही. तारीख मिळाली.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात आम्ही सभा घेतली नाही. घरोघरी जाऊन कागदावर काढलेल्या दोन बाटल्या दाखवल्या आणि शिक्का कुठे मारायचा ते समजावलं. म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरऐवजी त्यांच्याच नातसुनांनी आणायचं ठरवलं; ट्रॅक्टर कुणाचा यावरून भांडणं होतात. दुपारपर्यंत मतदान सुस्त होतं. आमची यादी उघडून अजून न आलेल्या एकेकीच्या दारात पोरी पाठवल्या. मोजणी त्याच संध्याकाळी झाली. आडवी बाटली गरजेपेक्षा थोड्याच मतांनी पुढे गेली. नमुना ७ ने काढलेली नावं यादीत राहिली असती तर आम्ही हरलो असतो.

महिन्याच्या अहवालात हे कुठे लिहायचं हा वेगळाच प्रश्न. देणगीदारांच्या तक्त्यात 'लाभार्थी संख्या' असा रकाना असतो. यादीतून काढलेल्या मयत बायका हे लाभार्थी की उपक्रम? मी 'इतर'मध्ये टाकलं.

पुढे नागपूरच्या अधिवेशनात काही आमदारांना निवेदन दिलं, की मोजताना ऊसतोडीला बाहेर असलेल्या बायका एकूण संख्येतून वगळा किंवा त्या परतल्यावरच मतदान घ्या. निवेदन त्यांनी घेतलं, फोटोही काढला. जिल्हाभर बंदी का मागत नाही, असं एकाने विचारलं. चंद्रपूरच्या बायका पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेबरोबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत आल्या होत्या. २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. त्यांच्यापुढे माझं काम काहीच नाही. तरी मला गावचं मतदान जास्त पटतं, कारण त्यात प्रत्येकीला स्वतः ठरवावं लागतं.

दुकान गेलं, दारू पूर्ण गेली नाही. आता दोन घरांतून चोरून क्वार्टर विकली जाते, ती महाग पडते म्हणून पिणं थोडं घटलंय, असं बायका म्हणतात. २०१६ पासून कायद्यात चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलाची सोय आहे. दलासाठी बायकांनी नावं दिली आहेत, ग्रामसभेचा ठराव बाकी आहे. मागच्या सभेला कोरम भरला नाही. पुढची सभा टोळ्या निघायच्या आधी लागावी म्हणून ग्रामसेवकांच्या मागे लागले आहे.