दोन सूत, तीन सूत
दोन सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तांब्याची नळी तीन सुताच्या नळीत घालून ब्रेझिंग (टॉर्चने धातूचा रॉड वितळवून सांधा जोडणं) करायला गेलो आणि अख्खी दुपार त्यातच गेली. नळी आत बसली खरी, पण डुगडुगत होती. चहूबाजूंनी जवळजवळ पाऊण मिलिमीटर फट. म्हटलं, रॉड जरा जास्त लावू, भरेल! कसलं भरतंय. वितळलेला रॉड थेंबाथेंबाने आत ओघळला. कापून बघितलं तर निम्मं भोक बुजलेलं. धातू आपोआप ओढला जायला फट 0.1 मिलिमीटरच्या आसपास हवी, हे काय मला माहीत नव्हतं? आळस, दुसरं काय. शेवटी गुमान रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांच्या नळ्या जोडणारा तुकडा) लावला, नळी आतून काळी पडू नये म्हणून हळू नायट्रोजन सोडला. सांध्याभोवती बारीक कड धरली तेव्हा कुठे टॉर्च बंद केला. साबणाच्या पाण्याला एकही बुडबुडा नाही.