आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा आणि तिसरी सही

१९९८ साली नोकरी सोडून आम्ही दोघा भावांनी रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात डोसिंग पंपांची, म्हणजे रसायन मोजून सोडणाऱ्या पंपांची, दुरुस्ती सुरू केली. पुढे स्वतःचे पंप बनवले, गाळाही स्वतःचा झाला. पण एक दुखणं जात नव्हतं. सांडपाण्यात सोडायच्या चुन्याचा थर व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे वाट बंद करणारी गोळी जिथे टेकते तिथे, बसतो, आणि गोळी नीट टेकत नाही. पंप चालताना दिसतो, पण पुढे काहीच जात नाही.

२०१७ मध्ये एका इंजिनीअरिंग कॉलेजला हे काम प्रायोजित प्रकल्प म्हणून दिलं, तीन लाख रुपयांत. एम.टेक.ची एक विद्यार्थिनी आठ महिने दर शनिवारी गाळ्यात येऊन चुन्यात हात घालत होती. तिने रबराची, गोळीच्या दाबाने किंचित वाकणारी सीट तयार केली. दर स्ट्रोकला थर तडकतो आणि सुटतो. इतकं साधं, आणि आम्हाला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं.

करारात लिहिलं होतं, सगळे हक्क प्रायोजकाचे. सह्या दोनच, आमची आणि कॉलेजची.

अर्जासाठी ठाण्यातल्या पेटंट एजंट मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ती मुलगी तुमच्या पगारावर होती, की कॉलेजच्या?" कुणाच्याच नाही, ती फी भरून शिकत होती. "मग तिने हक्क लिहून दिल्याचा कागद दाखवा." १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो दिला त्याचा. पेटंटातले हक्क द्यायचे तर तेही लेखीच लागतात. कॉलेजने आम्हाला दिलं ते मुळात कॉलेजचं होतं का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्यात आम्ही कॉलेजला पत्र धाडलं होतं, की तिचा प्रबंध वर्षभर रोखा. कारण प्रबंध आधी उघड झाला की नावीन्य गेलं, मग पेटंट मिळणं कठीण. ती गाळ्यात आली आणि म्हणाली, "सर, जुलैत मुलाखती आहेत. हे काम मी केलं, असं सांगू शकते का?" करारातल्या गोपनीयतेच्या कलमाप्रमाणे उत्तर 'नाही' होतं. जुन्या नोकरीत मी काढलेल्या ड्रॉइंगवर माझं नाव कधी आलं नाही, तो सल अजून आहे. तोच मी तिच्या वाट्याला आणत होतो.

वाट होती, आम्ही शोधली नव्हती. तिच्या तोंडी परीक्षेआधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज केला, म्हणजे आधीची तारीख राखून ठेवणारा प्राथमिक अर्ज. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. प्रबंध वेळेवर गेला. तिच्यासाठी नवा कागद केला: संशोधक म्हणून तिचं नाव, मुलाखतीत कामाबद्दल बोलायची मोकळीक, दर पंपामागे ठरावीक रक्कम, आणि प्रबंधाचा कॉपीराइट तिचाच. तिने कागद घरी नेला, ओळखीच्या वकिलांना दाखवला, दोन ओळी बदलून आणल्या. त्या बदलांसह तिने हक्क आम्हाला लिहून दिले.

आता प्रकल्पाआधीच तिसरी सही विद्यार्थ्याची असते, आणि कागद वाचायला त्याला पंधरा दिवस देतो. एका कॉलेजला हे पटलं नाही. तो प्रकल्प आम्ही सोडला.

ती सध्या पुण्यात नोकरी करते. दर एप्रिलला विकलेले पंप मोजून तिच्या खात्यात रक्कम जाते. यंदाचा हिशेब भावाने मागच्या आठवड्यात पाठवला.