अंगठो उठणा नाय

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात माझा दवाखाना आहे. एप्रिलमधली दुपार, पेशंट संपत आलेले. चाळिशीतली एक बाई आत आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टरांनू, अंगठो उठणा नाय. दाखलो व्हयो."

रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. साबणाने घासून झालं, लिंबाने झालं. तिने हात टेबलावर ठेवले आणि मला ते हात आठवले, चेहरा नव्हे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना नायट्याचं मलम लिहून देणारा मीच.

पेरं काळपट, कातडीचे पापुद्रे सुटलेले. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकांवर रेघाच नाहीत, नुसता तुकतुकीतपणा. बेचक्या मात्र स्वच्छ होत्या. नायटा असता तर नेमका टोकांवरच कसा बसला असता? एवढं तेव्हाच सुचायला हवं होतं.

"काम काय करता?" हा प्रश्नही दोन महिने उशिराच विचारला.

"काजू फोडतंय. आठ वर्सां झाली."

बिबा अंगाला लागला की काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. काजू त्याच कुळातला, आंबाही. काजूच्या टरफलात जे तेल असतं, त्यातली अ‍ॅनाकार्डिक आम्लं आणि कार्डोल कातडी भाजून काढतात. कारखान्यात बी आधी वाफेवर शिजवतात, पण तेल टरफलातच राहतं आणि फोडताना बोटांवर येतं. (हेच तेल पुढे रंगात आणि गाड्यांच्या ब्रेकलायनिंगमध्ये जातं. त्याला भाव आहे.)

"मोजे देत नाहीत?"

देतात, म्हणाली. पण मोजे घातले की गर नीट हाताला लागत नाही, तुकडा पडतो. मजुरी किलोवर, तीही अख्ख्या गराची. शिवाय तासाभरात मोजा आतून घामाने भिजतो, एखादं भोक पडलं की तेल आत जाऊन तिथेच मुरतं. त्यापेक्षा खोबरेल चोपडायचं आणि वर चुलीतली राख. सगळ्याजणी तेच करतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नायट्याचं मलम बंद केलं, सूज उतरायचं दिलं. पंधरा दिवस काम थांबवा, असं म्हणालो तर ती नुसती हसली.

मग दाखला लिहायला घेतला. आजवर अशा दाखल्यांवर मी 'त्वचारोग' एवढंच लिहीत आलो होतो. या वेळी लिहिलं: काजूच्या टरफलातील तेलाशी कामावर रोज येणाऱ्या संपर्कामुळे झालेला त्वचादाह, बोटांचे ठसे पुसट. सही केली, शिक्का मारला.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"मालकाचा नाव नाय ना घातलात ह्यात?"

"नाही."

तिने तो घडी करून पिशवीत ठेवला, रेशनकार्डाच्या आत.