चर्चमागचा चर

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या चर्चमागं पावसाचं पाणी तुंबायचं, म्हणून कंपाउंडला लागून गटारीसाठी चर मारायला घेतला होता. कमरेइतकं खोल गेल्यावर टिकावाला विटा लागल्या. चर्चच्या काकांनी काम थांबवलं आणि मला फोन केला, “मॅडम, ह्या विटा आमच्या चर्चच्या न्हाईत. लई मोठ्या हाईत.”

मी पोचले तोवर मुकादमानं खापरं पोत्यात भरून ठेवली होती. “एक बी टाकलं न्हाई, मॅडम.” त्याचा हेतू चांगलाच होता. पण कुठलं खापर किती खोलीवरचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि आमच्या पुरातत्त्वाच्या कामात तेच तर हवं असतं. मग उरलेला जीव चराच्या भिंतीतच होता. थापीनं ती सरळ तासून घेतली, पाणी शिंपडलं आणि थर दिसायला लागले.

वर चुना, दगडाच्या कपच्या, प्लॅस्टिक. त्याखाली पिवळसर घट्ट माती. मग बोटभर राख, आणि राखेखाली दाबली गेलेली चपटी कौलं. एक कौल निम्मं बाहेर आलं होतं. त्यावर ओल्या मातीत बोटं ओढून केलेल्या पन्हळी, कडेला खिळ्यासाठी भोक. सातवाहन काळातली घरं अशीच शाकारलेली असत. त्याच्याही खाली मातीत बसवलेल्या विटांचा थर होता, तो थेट कंपाउंडच्या भिंतीखाली शिरला होता.

या टेकडीनं आधीही खूप दिलंय. प्रा. कुंदणगारांना इथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती मिळाली. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केलं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती मूर्ती आहे. रंकाळ्यावर दर रविवारी फिरणाऱ्या किती कोल्हापूरकरांनी ती बघितलीय? हे मला खरंच लागतं. समुद्रदेवाची ती छोटीशी मूर्ती घाट चढून पंचगंगेकाठच्या एका विटांच्या घरात आली होती, म्हणजे हे गाव तेव्हा केवढ्या व्यापारात असेल!

दुपारनंतर आभाळ भरून आलं. ठेकेदाराला चर त्याच दिवशी बुजवायचा होता, त्याचं बिल अडकलं होतं. काका मात्र हटले नाहीत. “पानी आनि दोन दिस तुंबू दे,” एवढंच म्हणाले. मुकादमानं माझ्या वहीवर छत्री धरली. ओळंबा सोडून, मोजपट्टी लावून मी थरांचा छेद वहीत रेखाटला, थराथराला चिठ्ठी खोचून फोटो घेतले. पोत्यातल्या खापरांवर ‘थर अज्ञात’ लिहिलं.

गटार आता उताराकडून वळवून नेलीय. विटा जागेवरच आहेत. त्यांच्यावर आधी चाळलेली वाळू पसरली, मग माती लोटली. पुढं कधी कुणी इथं रीतसर खणलं, तर वाळू लागताच त्याला समजेल की आमचा चर इथपर्यंतच होता आणि खालचं कुणी हलवलेलं नाही.