छापल्यावर फोटो काळपट का येतो?

लग्नाचे अल्बम डिझाइन करणारी मुलं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणारे चित्रकार, हल्ली घरून साड्या विकणाऱ्या ताई, सगळ्यांचा प्रश्न एकच: स्क्रीनवर छान दिसणारा फोटो छापून आला की काळपट का होतो? आणि लगेच पुढचा: मग कुठला मॉनिटर घेऊ?

इतक्यात घेऊ नका. आधी आहे त्याचा ब्राइटनेस उतरवा. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा बऱ्याचदा दर चौरस मीटरला २५० ते ३५० कँडेला इतका उजेड फेकत असतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० पुरे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीत असेल तेवढाच तो परत देतो. भगभगीत स्क्रीनवर फोटो उजळ दिसला, की आपण तो नकळत गडद करून ठेवतो आणि छापखान्याला बोल लावतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

उरलेल्यांसाठी मोजणारं यंत्र लागतं. ‘मी डोळ्यांनी जुळवलंय’ असं कुणी म्हणालं की मी थांबवतो. निळसर पांढऱ्यासमोर थोडा वेळ बसलं, की डोळा त्यालाच पांढरं मानतो. पिवळ्या बल्बखाली वहीचं पान आपल्याला पांढरंच वाटतं ते त्यामुळेच. एरवी हा डोळ्याचा फार मोठा गुण आहे, पण स्क्रीन तपासताना तोच आड येतो. कलरीमीटर असा सरावत नाही. स्क्रीनला टेकवून ठेवायचं हे छोटं यंत्र आहे, आणि महागड्या मॉनिटरआधी ते घ्यावं, या मतावर मी ठाम आहे. ते चालवायला ग्रॅम गिल यांचं आर्गाइलसीएमएस (ArgyllCMS) हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. फक्त आपल्या स्क्रीनचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, कुठल्या जातीचा आहे ते त्यात बरोबर निवडा. ते चुकलं तर पांढऱ्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते.

मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. मग दोन कामं होतात, आणि लोक ती एकच समजतात. पहिलं कॅलिब्रेशन: मॉनिटरची बटणं आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामार्फत त्याला ठरलेल्या जागी आणणं. पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास, गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसाव्यात याचा आकडा) २.२, उजेड वर सांगितला तेवढा. दुसरं प्रोफाइल: त्यानंतर हा मॉनिटर नेमका कसा लाल, हिरवा, निळा दाखवतो याची नोंद. प्रोफाइल स्क्रीनला हातही लावत नाही. ते वाचून रंगांचे आकडे बदलायचं काम फोटोशॉपसारख्या प्रोग्रामचं. जो प्रोग्राम ते वाचतच नाही, तो जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर साधा एसआरजीबी फोटो भडक करून टाकतो. नवरीच्या कपाळावरचं कुंकू पेटल्यासारखं दिसतं, हळद लागलेला चेहरा नारिंगी होतो. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ साली पुढे आणलेलं रंगांचं माप. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आजही त्याच मापाचे असतात, म्हणून साडीवाल्या ताईंनी तेच धरावं. गिऱ्हाइकाचा मोबाइल काही आपल्या हातात नाही, पण निदान आपल्याकडून रंग खरा गेला पाहिजे.

एवढं करूनही काही रंग कागदावर उतरणार नाहीत. झगझगीत निळा, पोपटी, तेजस्वी नारिंगी हे ऑफसेटच्या चार शाईंच्या आवाक्याबाहेरचे आहेत. ते आधीच कळावं म्हणून छापणाऱ्याकडून त्याचं मशीन आणि कागद यांचं प्रोफाइल मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावर कसा दिसेल तसा स्क्रीनवरच, फोटो पाहा. पांढऱ्याच्या जागी कागदाचा रंग दाखवण्याची सोयही सुरू करा. चित्र एकदम मरगळल्यासारखं वाटेल, घाबरू नका, जरा वेळ द्या.

छापलेला कागद ताडून पाहताना उजेडही सांभाळावा लागतो. आयएसओ ३६६४ हे मानक त्यासाठी डी५० नावाचा ठरावीक प्रकाश सांगतं. तसा दिवा नसेल तर भर दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी पाहा. खोलीच्या भिंती भडक रंगाच्या नकोत. आणि बॅकलाइट हळूहळू उतरत जातो, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. दिवाळी अंकाचं काम हातात असेल तर फाइल पाठवायच्या आधी एकदा नक्कीच.